ज्याला तुळसाचा उपास म्हणतात

चांदूर बाजाराच्या आसपासच्या गावांत माझ्या दुखण्याची एक कथा सांगतात. गणपत मरायला टेकला होता, वैद्यानं हात वर केले होते, तेव्हा त्याच्या बायकोनं, तुळसानं, अन्न सोडलं. नवऱ्याच्या पोटात घास जाईपर्यंत तिनं दाणा तोंडात घातला नाही आणि त्या पुण्याईनं गणपत उठून बसला. आता आमच्याकडे कुणाचा नवरा अंथरुणाला खिळला की सासू सुनेला सांगते, "तुळसाचा उपास धर."

ही कथा खोटी आहे. तो गणपत मी. कथा रचली गेली तेव्हा मी तिथंच बसलो होतो, शुद्धीवर होतो आणि गप्प होतो.

म्हातारपणापर्यंत गप्पच राहिलो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका सुनेला हा उपास धरायला लावला. नवऱ्याला हिवताप आणि हिच्या मांडीवर तान्हं पोर. हिचं दूध आटलं. पोर शेळीच्या दुधावर कसंबसं वाचलं. तिची सासू मला रस्त्यात भेटली तर पाया पडून म्हणाली, "तुमच्या घरची पुन्याई हाये, आबाजी." मी तसाच माघारी वळलो. घरी येऊन लिहायला बसलो.

ज्यांच्या घरात लांबलेलं दुखणं आहे त्यांनी हे वाचावं. औषध मी सांगत नाही. मला औषधातलं कळत नाही. वैद्यांना कळतं असंही मी म्हणत नाही.

भाव आला तेव्हा

त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती. त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यामुळे आम्ही वऱ्हाडातले लोक एकदम शहाणे झालो. निदान आम्हाला तसं वाटलं. भाव चढला तो कुणाच्या तरी मरणानं, पण श्रेय जो तो आपल्या अकलेला देई. काल ज्याला बैलाचे दात पाहून वय सांगता येत नव्हतं, तो आज ओट्यावर बसून पुढच्या वर्षीचा भाव सांगू लागला. ज्वारीची वावरं मोडून आम्ही कपाशी पेरली आणि खायची ज्वारी बाजारातून आणू लागलो. कुणब्यानं ज्वारी विकत आणायची, आणि त्याचा तोरा मिरवायचा! असले शहाणे आम्ही.

आमचा बाप जिवंत होता तोवर घरात एक रीत होती. दिवे लागायच्या आत पुरुषमाणसं आणि पोरंसोरं सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एका ओळीनं जेवायला बसत. कुणी यायचं राहिलं असेल तर बाप पाणी पिऊन वाट पाही. शिव्या देई, पण घास मोडत नसे. जेवताना त्याची नजर स्वतःच्या ताटात कमी आणि दुसऱ्यांच्या ताटांत जास्त असे. "काहून रे, भाकर काहून फिरवून राह्यला?" एवढंच विचारी. दुसऱ्या दिवशी त्या पोराला ताप भरलेला असे. वैद्याला नाडीत जे सापडत नाही ते बापाला भाकरीत सापडायचं. भावाभावांत भांडण असलं तरी त्याच ओळीत कळे, कारण रुसलेला माणूस वाढणाऱ्याला नुसतं हातानं 'नको' करतो.

बायका मागून जेवत. पुरुष उठले की जिची ती आपल्या नवऱ्याच्या ताटात बसे. हे बापाला कधी खटकलं नाही. मलाही नाही.

बाप गेला आणि भाव आला. थोरला भाऊ बळीरामदादा अंगणात मांडलेल्या रेच्यांवर देखरेख करी. सरकी वेगळी काढायचे हे लाकडी रेचे दिवसभर कुरकुरत असत. मी गाड्या घेऊन कधी अमरावती तर कधी अकोला गाठी. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो जेवी. दादानं चांदीची ताटं घेतली, एक त्याला आणि एक मला, आणि आमची जेवणं माडीवर नेली.

"सपरीत कोन बसते आता?" तो म्हणाला. "लोक भाव इचाराले येतात. शेठ लोक भाकर मोडून राह्यले असं पाहतीन का?"

मी हसलो. मला ते पटलं होतं. भाकरीवर वाढलेल्या दोन कुणब्यांना भाकर खाताना दिसायची लाज वाटू लागली होती. बरं, माडीवर तरी आम्ही बरोबर जेवत होतो का? दादा यायचा तेव्हा मी गावाला, मी यायचो तेव्हा दादा झोपलेला. ताटाला चांदी होती आणि शेजारी माणूस नव्हतं.

अकोल्याचा पाहुणचार

अकोल्याच्या बाजारात मी महिना-महिना भाकरीचं तोंड पाहिलं नाही. हलवायाची पुरी, हलवायाची जिलबी, तीही दलालाच्या गादीवर बसून, एक डोळा गाड्यांवर ठेवून. पोट बिघडलं ते दसऱ्याच्या सुमारास. मी ते अंगावर काढलं. सोबत जेवणारे पुष्कळ होते, पण त्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही की हा माणूस पुरीचे तुकडे करतो आणि पानाखाली सारतो. त्यांनी पाहावं तरी का? ते माझ्यासोबत जेवत नव्हते. माझ्या कापसासोबत जेवत होते.

एका सकाळी मी गादीवरून उठलो तो तिथंच कोसळलो. दलालानं मोठ्या मायेनं मला गाडीत घातलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "शेठजी, बरे झाले की पयले आपल्याच गादीवर या बरं. दुसरीकडं जाऊ नका." मेलो असतो तर हेच वाक्य तो दादाला म्हणाला असता.

रिकाम्या गाडीत तरटांवर पडून मी घराकडे निघालो. दर थोड्या वेळानं मला उतरावं लागे. गाडीवान आमच्याच गावचा, तोंडाचा फाटका.

"मालक, पुन्ना? आत्ताच त उतरले होते ना, बाप्पा!"

"थांबव."

"थांबवतो. पन बैलाइले वाटंल आपला मुक्काम आला. सोडून मांगतीन." मग मला हाताला धरून बाभळीआड नेताना तो हळूच म्हणाला, "घरी कोनाले सांगतलं का न्हाई तुमी?"

नव्हतं सांगितलं. विचारलंच नव्हतं कुणी.

नाडी

अमरावतीहून वैद्य आणला. पूर्वी हा वैद्य बऱ्यापैकी औषध देई असं ऐकलं होतं. भाव चढल्यापासून तो फक्त चांदीची ताटं असलेल्या घरीच जाई. त्यानं माझं मनगट धरलं, डोळे मिटले आणि दादाला विचारलं, "यंदा अकोल्याला काय भाव निघाला?"

दादानं सांगितला.

"हं," वैद्यबुवा म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या माझ्या नाडीमुळे पडल्या की भावामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. मग डोळे उघडून ते म्हणाले, "संग्रहणी."

तो शब्द कानावर पडताच माय दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. माझा चुलता त्याच दुखण्यानं सुकत सुकत गेला होता. तुळसा मायच्या मागं उभी होती, पदर तोंडाशी. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वैद्याकडे. त्या दोन नजरांच्या मध्ये त्यानं मला पोचवून टाकलं, हे मी पाहिलं. त्याचा राग आला नाही. मीही मनात तेच केलं होतं. मरणाची भीती वाटली नाही असं सांगणारे आजारी लोक मला पुढं पुष्कळ भेटले. ते एक तर खोटारडे असतात, नाहीतर त्यांना संग्रहणी झालेली नसते. मला भीती वाटली ती हगवणीची, वासाची, लोकांसमोर लहान पोरासारखं होण्याची. आणि मरणाचीही, भरपूर.

वैद्यबुवांनी पथ्य सांगितलं. ताक, भाताची पेज, पुड्या. मीठ-मिरची बंद. "आणि अन्नाचा वास लागू देऊ नका. चुलीपासून लांब, माडीवर ठेवा. माणसांची ये-जा नको. एकांत हवा."

ताकानं मला उतार पडला असेल. ते श्रेय मी त्या माणसाला देतो. एकांताचं पापही त्यालाच देतो.

माडीवर

पहाटे पुडी, मग ताक. ऊन चढलं की पेज, उतरलं की पुन्हा पेज. दोन्हींच्या मध्ये पोट धरून जिन्यानं उतरणं आणि चढणं, पुढं पुढं तेही नाही. पेज चांदीच्या वाटीत येई, कारण चांदी थंड असते असं कुणीतरी मायला सांगितलं होतं. त्या वाटीच्या कडेचा स्पर्श ओठांना झाला की मला ओकारी येई. दोन घोट घेऊन मी वाटी परत करी. हगवण कमी झाली तरी घास जाईना. पोटात जागा होती, पण घशाला दार लागलं होतं.

भेटायला लोक येत. वैद्यानं नको म्हटलं होतं तरी येत, कारण श्रीमंताचं दुखणं पाहायलाही गर्दी होते. आवाज खाली आणत, पायांवर सूज आहे का ते चोरून पाहत, कुणीतरी अशाच दुखण्यानं कसा गेला ते सविस्तर सांगत आणि मग खाली जाऊन आमच्याच घरी जेवत. माडीवर मला त्यांचं हसणं ऐकू येई. माझ्या दुखण्याचा समाचार म्हणजे गावाला एक मोठी सोय झाली होती.

तुळसाबद्दल सांगायचं तर त्या दिवसांत माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. आजारी माणसासारखा आपमतलबी प्राणी दुसरा नाही. ती वाटी आणून समोर ठेवी, घाणीचं तस्त उचले, लुगडी-धोतरं धुई. एकदा वाटी तिच्या हातून कलंडली आणि पेज माझ्या छातीवर सांडली. मी खेकसलो, "नीट धर ना! जेवत न्हाई काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदरानं माझी छाती पुसली. मी उत्तराची वाट पाहिली नाही. प्रश्न कुठं विचारला होता मी? शिवीच दिली होती.

मला ठाऊक नसलेली गोष्ट अशी होती. नवरा घरी असला की त्याच्या आधी बायको जेवत नाही, आणि जेवते ती त्याच्या उष्ट्यात, ही आमच्या घरची रीत. पुरुष धडधाकट असला की ही रीत नुसती बावळट असते. तो आजारी पडला की ती जीव घेते. मी दोन घोट पेज पीत होतो. उरलेली वाटीभर अळणी, गार पेज हे तिचं जेवण. त्यावर पाण्याच्या खेपा, दळण आणि माझी घाण. तिनं एकदा भाकर मागितली तर माय म्हणाली होती, "नवऱ्याच्या पोटात अन्न न्हाई अन् तुले भाकर गोड लागंल?"

घरात एवढी माणसं, पण ज्याचं त्याचं जेवण ज्याच्या त्याच्या वेळेला. तिच्या ताटात काय आहे हे पाहणारं कुणी नव्हतं. एक माय होती, तिनं पाहिलं आणि बरं मानलं.

दुपारची गोष्ट

एका दुपारी दादा रेच्यांवर होता, माय देवळात गेली होती. तुळसा माडीवर आली. हातात वाटी नव्हती. पितळी होती, पितळेची खोलगट थाळी. पितळीत ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, फोडलेला कांदा. पितळी तिनं माझ्या अंथरुणासमोर जमिनीवर ठेवली आणि मांडी घालून बसली.

"पेज कुठं हाये?" मी विचारलं.

"कुत्र्याले देली. त्यानंबी तोंड न्हाई लावलं."

"अन् हे?"

"हे माहं हाये."

तिनं भाकर मोडली.

"डोकं फिरलं काय तुहं? माय काय म्हनंल?"

"मायले भूक लागली का माय जेवते. दादाले लागली का दादा जेवते. तुमाले पाहाले येते थे सोयरेबी दोन-दोन खेपा वाढून घेते. या घरात उपाशी मरून राह्यलो थे तुमी अन् मी. तुमाले त दुखनं हाये. मले काय हाये?"

मग तिनं सगळं सांगितलं. उष्ट्या पेजेचं, मायच्या बोलण्याचं. रडली नाही. तोंडात घास होता.

मी चिडलो. खरं म्हणजे मला लाज वाटली होती, पण आमच्या घरी पुरुषांना लाज वाटली की ते चिडत. "मी इथं मरून राह्यलो," मी म्हणालो, "अन् तू माह्यासमोर बसून खाऊन राह्यली?"

"मरा ना मंग. मी काय धरलं तुमाले? पन तुमच्या आंधी मरनं माह्यानं होत न्हाई. लोक म्हनतीन, भाग्याची होती, सवाशीन गेली. मले न्हाई पाह्यजे थे भाग्य. मले भाकर पाह्यजे."

आणि ती जेवू लागली.

लग्नाला किती वर्षं झाली होती! आणि मी माझ्या बायकोला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. दलाल, वाणी, गाडीवान, हलवायाच्या दुकानातले अनोळखी लोक, सगळ्यांना पाहिलं होतं. हिला नाही. पहिले घास तिनं चोरासारखे गिळले. मग हात सावकाश झाला. अंबाडीची आंबट वाफ माझ्यापर्यंत आली. तिनं कांदा चावला त्याचा आवाज आला. चटणीत बोट बुडवून तिनं डोळे मिटले आणि नाकातून पाणी आलं तशी हसली. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझं तोंड इतके दिवस कोरड्या ओढ्यासारखं झालं होतं, म्हणून मला प्रथम कळलंच नाही की हे काय होतंय.

"थोडं दे," मी म्हणालो.

"वैद्यबुवाले इचारा."

"दे म्हन्तो ना."

"भाव किती देता?"

असं माझ्याशी घरात कुणी बोलत नसे. मी हसलो, आणि हसल्यानं पोट दुखलं. तिनं भाकरीचा आतला मऊ पापुद्रा काढला, भाजीच्या पाण्यात भिजवला, बोटांनी कुस्करला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी तो खाल्ला. घसा उघडला. दुसरा मागितला तर म्हणाली, "बस. हावरटपना करू नका. उद्या येतो आपुन."

त्या संध्याकाळी पोट दुखलंच. दुसऱ्या दुपारी ती कण्या शिजवून घेऊन आली, मऊ, ताक घालून. अर्ध्या तिच्या, अर्ध्या माझ्या. एकाच पितळीत, कारण दोन पितळ्या माडीवर नेताना कुणी पाहिलं असतं.

मग रोज तसं होऊ लागलं. भाकरीनं संग्रहणी बरी होते असं मी म्हणत नाही. ताक चालूच होतं, पुड्याही. दुखणं कदाचित उतारालाच लागलं असेल. कशानं बरा झालो ते मला ठाऊक नाही, पण काय काय झालं ते ठाऊक आहे. मी दुपारची वाट पाहू लागलो, आणि आधी मी कशाचीच वाट पाहत नव्हतो. समोरचा हात पितळीत जाई म्हणून माझाही जाई. मी काय खाल्लं, काय बाजूला सारलं, कोणत्या घासाला तोंड वाकडं केलं, हे तिला दिसे आणि उद्याचं जेवण ती त्यावरून ठरवी. ती गावातल्या गोष्टी सांगे. मायची नक्कल करी. माझ्या दलालाला कधी न पाहताही त्याची नक्कल करी, आणि ती बरोबर असे. तिला इतकं बोलता येतं हेही मला माहीत नव्हतं. बायको मागून जेवते ना! बोलणार केव्हा?

माय वर आली

मी उठून भिंतीला टेकून बसू लागलो होतो. एका दुपारी आम्ही तसेच बसलो होतो, दोघांचे हात एका पितळीत, आणि जिन्याच्या तोंडाशी माय.

"एका ताटात!" ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "नवऱ्यासोबत! लाज न्हाई वाटत वो? वैद्यानं वास लागू देऊ नका म्हनलं, अन् हे भवानी भाकर चारून राह्यली!"

तिच्या ओरडण्यानं दादा धावत आला. त्यानं आधी मला पाहिलं. "अरे! हा त बसला!"

"बसला थे पाहून राह्यला, कसा बसला थे पाह्य," माय म्हणाली.

दादानं पितळीकडे पाहिलं. नंतर दादाच्या डोक्यात व्यापार सुरू झाला. त्याच्या मुलीची सोयरीक चालली होती. ती माणसं सोवळ्याओवळ्याची, ताटापाटाची. 'धाकट्याची बायको नवऱ्यासोबत एका पितळीत जेवते' असं त्यांच्या कानावर गेलं तर? आणि माझं काय? बायकोकडे हात पसरून घास मागणाऱ्या माणसाला बाजारात कोण शेठ म्हणेल?

तोड मायनं काढली. "सून इतके दिवस उपाशी होती, हे खरं हाये ना? मंग तेवढंच सांगाचं. पुढचं सांगाची काय गरज हाये?"

खोटं बोलण्याची याहून सफाईदार रीत मला अकोल्याच्या बाजारातही दिसली नाही. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुमाले ठीक वाटंल तसं करा."

तुळसाचा हात अजून पितळीत होता. तिनं तो काढला आणि पितळी उचलून खाली गेली.

त्यानंतर एकदाच तिनं विषय काढला. "लोकायसमोर नोको," ती म्हणाली. "सपरीत नोको. माडीवर त आपुन दोघं जेवत जाऊ."

मी "पाहू" म्हणालो. गिऱ्हाइकाला परतवायचं असलं की आम्ही व्यापारी असंच म्हणतो.

पंगत

मी हिंडू-फिरू लागलो तेव्हा दादानं गावजेवण घातलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तुपाच्या घागरी. भाव होता, मग तुपाला कशाला मागं पाहा! ज्यांनी माझ्या सुजलेल्या पायांवरून माझे दिवस मोजले होते ते सगळे पहिल्या पंगतीला हजर होते. अकोल्याचा दलालही आला होता.

बायकांनी तुळसाला मध्ये बसवून कुंकू लावलं. एकीनं विचारलं, "कसा धरला वो उपास? आमाले सांग, आमच्या सुनाइले सांगाले होईन."

मी ओट्यावर विडा चघळत बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

"उपास कायचा वो, माय?" तुळसा म्हणाली. "मले भूक लागली होती. मी जेवली. मंग यायनंबी खाल्लं."

बायका खळखळून हसल्या. "पाहा, पाहा! पुन्य लपवून राह्यली!" दुसरी म्हणाली, "असंच असते बापा. जे करते थे सांगत न्हाई."

"मी खरं सांगून राह्यली," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या एका शब्दाचं काम होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी दलालाकडे वळलो आणि त्याला अकोल्याचा भाव विचारला.

ती उठली, पदर खोचला आणि वाढायला गेली. शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत होती. मग माझ्या ताटात बसली.

पुढं तिकडची लढाई संपली, भाव पडला, चांदीची ताटं जशी आली तशी गेली. तुळसा त्यानंतर खूप वर्षं जगली. रोज माझ्यामागून जेवली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी बोलावलं नाही. बोलावणं अवघड नव्हतं. पाट सरकवायचा होता. तेवढ्याकरता लोक काय म्हणतील याचा मी जन्मभर विचार केला, आणि ज्या लोकांचा विचार केला त्यांतल्या एकाचंही मत अडक्याच्या किमतीचं नव्हतं, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

आता सासवांना सांगतो. सुनेला उपाशी ठेवून मुलगा बरा होत असता तर या वऱ्हाडात आजवर एकही पुरुष मेला नसता. वैद्य जे खायला सांगेल ते द्या, जे वर्ज्य करील ते वर्ज्य करा. पण आजारी माणसाला माडीवर एकटं टाकून खाली पंगती उठवू नका. त्याला सोसवत असेल तर चुलीजवळ आणा. सोसवत नसेल तर तुमचं ताट घेऊन त्याच्याजवळ जा, आणि त्याच्या बायकोला सगळ्यांत आधी वाढा. घरातला प्रत्येक माणूस रोज एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या नजरेसमोर जेवला पाहिजे. कोण खात नाही ते कळायला दुसरी वाट नाही.

आणि ज्या बायका माझ्या बायकोच्या नावानं उपास धरतात त्यांनी तो आज सोडावा. तुळसानं उपास केला नव्हता. तिला आम्ही उपाशी ठेवलं होतं. ज्या दिवशी ती जेवली, त्या दिवशी मी जेवलो.